कधीतरीच न लागणारी गाडी आणि साधा मल्टिमीटर: मालवणातला वापरानंतरचा अनुभव

हा अनुभव एका साध्या डिजिटल मल्टिमीटरचा आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो तसला, ९ व्होल्टच्या चौकोनी सेलवर चालणारा, वायर सलग असली की बीप वाजवणारा. घेतला तो गाडीसाठी. आमची पेट्रोलची छोटी गाडी जुनी आहे, घर मालवणच्या किनाऱ्यालगत, आणि गेल्या पावसाळ्यात ती मधूनच लागेनाशी झाली. चावी फिरवली की बोनेटखाली एकदाच 'टक्', सेल्फ फिरायचं नाव नाही. डॅशबोर्डचे दिवे मात्र लख्ख. दोन-तीनदा चावी मारली की काही झालंच नव्हतं अशा थाटात सुरू.

असला बिघाड गॅरेजात सापडत नाही, कारण गॅरेजपर्यंत पोचते ती सुरू झालेली गाडी. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून काय कळणार? मेकॅनिकला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर सेल्फ प्रत्येक वेळी लागला, तर तो अंदाजच करणार, आणि अंदाज बहुतेक वेळा बॅटरीवर येऊन थांबतो. नवी बॅटरी म्हणजे काही हजार गेले. म्हणून माझं मत ठाम आहे: अशी गाडी असेल त्याच्याकडे मीटर असावा, आणि तो घरातल्या कपाटात नाही, गाडीत असावा. बिघाड ज्या क्षणी होतो त्याच क्षणी मोजायला हवं.

आधी सोपी दोन मापं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे जवळजवळ निम्मी उतरलेली. इंजिन चालू केल्यावर १३.५ ते १४.५ दिसलं की चार्जिंग ठीक. आमच्याकडे १२.६ आणि १४.२. म्हणजे दोन्ही उत्तम, तरी गाडी अडायची.

मग एका दमट सकाळी ती अडली आणि मीटर हाताशी होता. मुलाला आत बसवलं. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मीटर २० व्होल्ट डीसीवर. पिना थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवल्या, क्लॅम्पवर नाही.

"मारू काय?"

"मार."

टक्. आकडा ११.७. बॅटरीच मेली असती तर हा आकडा ९.६च्या खाली कोसळला असता. म्हणजे बॅटरी द्यायला तयार होती, करंट वाटेत कुठेतरी अडत होता. मग काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर तशीच ठेवली आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर दाबली. अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंतची जोडणी, चांगलं असेल तर सेल्फ मारताना इथे जवळजवळ शून्य यायला हवं. ०.२ पर्यंत चालून जातं, ०.५ च्या पुढे गेलं की गडबड. मुलाने परत चावी मारली आणि मीटरने ४.१ दाखवलं. बाराच्या बॅटरीतले चार व्होल्ट नुसत्या अर्थिंगच्या केबलमध्ये जिरत होते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुष्कळ जण ही केबल ओहमवर, म्हणजे रोधाच्या मापावर, मोजतात आणि 'ठीक आहे' म्हणून सोडून देतात. सेल्फची मोटर शंभर-दीडशे अँपिअर ओढते. वाटेत फक्त ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच जातो. एवढा बारीक रोध या मीटरवर दिसणं शक्य नाही. त्याच्या स्वतःच्या वायरींचा रोध याच्या कितीतरी पट असतो. सेल्फ मारत असतानाच व्होल्टेज मोजायचं, तरच चोर सापडतो.

केबल काढली तर वरून काळी, गुळगुळीत, अगदी धडधाकट. थिंबलजवळ, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीजवळ, वाकवली आणि कव्हरच्या फटीतून हिरवी पूड हातावर सांडली. कव्हर चिरलं तेव्हा आतल्या तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या, थिंबलच्या तोंडाशी कित्येक तुटलेल्या. कधी लागायची, कधी नाही, त्याचं कारण इथेच होतं. सेल्फच्या झटक्याने इंजिन किंचित हलतं, केबल वाकते, उरलेल्या तारा गंजातून पुन्हा कुठेतरी टेकतात आणि दुसऱ्या प्रयत्नाला गाडी लागते.

ती केबल बंदरावर ट्रॉलरचं वायरिंग करणाऱ्या एका काकांना दाखवली. त्यांनी हातात घेऊन बघितलीसुद्धा नाही. "खाऱ्यात वायर आतसून कुजता," एवढंच म्हणाले. त्यांनी कलई केलेल्या तारांची केबल दिली, बोटींवर वापरतात ती. थिंबल प्रेस करून वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी बसवली, म्हणजे खारी हवा आत शिरायला वाट नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाने केबल बदलताना हीच मागावी. बसवल्यावर तेच माप ०.१ आलं. त्यानंतर हिवाळा गेला, आंब्याचा हंगाम गेला, गाडी एकदाही अडलेली नाही.

काम करताना निगेटिव्ह आधी काढायचं आणि शेवटी जोडायचं. खुंट्यांवरची पांढरी-निळसर पूड कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवायची, कोरडं करून क्लॅम्प घट्ट आवळायचा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली.

चतुर्थीला मीटर वाडीभर फिरला. मुंबईकरांच्या गावी ठेवलेल्या एका गाडीची बॅटरी दर वेळी उतरलेली असायची. गाडी लॉक करून अर्धा तास थांबलो, मग मीटर १० अँपिअरवर ठेवून निगेटिव्ह केबलच्या मध्ये जोडला. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत ओढ असली तर चालते. पण तेवढीसुद्धा दिवसाला १.२ अँपिअर-तास होते, आणि ३५ अँपिअर-तासाची बॅटरी महिनाभरात रिकामी करते! त्या गाडीत दोष काहीच नव्हता. परत जाताना निगेटिव्ह काढून ठेवा म्हटलं, काम झालं. मीटर असा जोडलेला असताना चावीला मात्र हात लावायचा नाही. सेल्फचा करंट त्यातून गेला तर मीटर जळणार.

शेजारच्या वहिनींच्या स्कूटरचं दुखणं याहून सोपं निघालं. ब्रेक दाबल्याशिवाय तिचा सेल्फ लागत नाही, आणि ब्रेकच्या मुठीतला छोटा स्विच मिठाने धरला होता. बीपवर ठेवून ब्रेक दाबला, तर बीप कधी वाजे, कधी नाही. स्विच बदलला.

मीटर कुठे कामाचा नाही तेही सांगतो. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तेव्हा गोष्ट पेट्रोल किंवा स्पार्कची असते. चावी ऑन केल्यावर मागून पेट्रोल पंपाची दोन सेकंद घूं ऐकू येते का ते कानाने बघा. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं, म्हणून पावसाळ्यात उभी राहणारी गाडी टाकी भरूनच ठेवावी. आणि 'टक्' होतं, पण अर्थिंगचं माप चांगलं आहे, पॉझिटिव्ह केबलचंही चांगलं आहे, तर सेल्फ मोटर उतरवून तपासायलाच हवी. ते घरचं काम नाही.

मीटरबद्दल तक्रारी आहेत. आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, त्यामुळे सेल्फ मारताना क्षणभर होणारी घट निसटते. चावी दोन-तीन सेकंद धरून ठेवावी लागते. सोबत आलेल्या वायरी पातळ, एकीची पिन मुळाशी तुटली, नव्या घेतल्या. सेल उतरायला लागला की आकडे खोटे येतात, बहुतेक जास्तच; १३.४ दाखवणारी उभ्या गाडीची बॅटरी बघितली की आधी मीटरचा सेल बदला. पावसात डायलचे संपर्क ओल धरतात, म्हणून मी तो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिकाच्या पुडीसकट ठेवतो. नवा घेणार असाल तर थोडे पैसे जास्त घालून सर्वांत कमी आकडा धरून ठेवणारं मिन-मॅक्सचं बटण असलेला घ्या. चावी मारायला घरात दुसरं कोणी नसलं तरी त्यावर एकट्याने माप घेता येतं.