साधी व्हीलचेअर की बॅटरीवरची? स्नायुविकार असलेल्या प्रौढांसाठी तुलना

लिंब-गर्डल किंवा बेकर प्रकारच्या मस्क्युलर डिस्ट्रॉफीत, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारात, चालताना तोल जाऊ लागला की बहुतेक घरांत साधी, घडीची व्हीलचेअर आणली जाते, कारण ती स्वस्त असते, रिक्षात मावते आणि जिना आला तर दोघे जण ती उचलून नेऊ शकतात. मात्र ही खुर्ची स्वतः चालवायची तर खांद्यांत जोर लागतो, आणि या आजारांत, विशेषतः लिंब-गर्डलमध्ये, कंबरेबरोबर खांद्याचे स्नायूही दुबळे होत जातात. त्यामुळे काही काळाने खुर्ची ढकलायला कायम दुसरे कोणीतरी लागते. चाळिशीतल्या नोकरदार माणसाला पाणी प्यायला उठायचे तरी हाक मारावी लागणे, ही माझ्या मते साध्या खुर्चीची खरी किंमत आहे, आणि ती दुकानातल्या पावतीवर दिसत नाही.

बॅटरीच्या खुर्चीत जॉयस्टिक बोटांनी हलवता येते, त्यामुळे उरलेली ताकद जेवण, लेखन, संगणक यांसाठी राखता येते. काही महागड्या खुर्च्यांची बैठक वर उचलली जाते. मांड्या दुबळ्या असलेल्या माणसाला उंच जागेवरून उठणे बरेच सोपे जाते, म्हणून ही सोय परवडत असेल तर ती आधी पाहावी. पाठ मागे कलण्याची सोयही तितकीच कामाची आहे, कारण बसल्या जागी कूस बदलता न येणाऱ्याच्या अंगावर दाबाच्या जखमा होऊ शकतात. साध्या खुर्चीची झोळीसारखी रेक्झिनची बैठक, चांगली गादी न घालता दिवसभर वापरली, तर कंबर एका बाजूला कलते.

बॅटरीच्या खुर्चीच्या अडचणीही खऱ्या आहेत. लिफ्ट नसलेल्या इमारतीत जड खुर्ची दुसऱ्या मजल्यावर नेणे जवळजवळ अशक्य असते, न्हाणीघराचा उंबरा तिला अडवतो, आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. लिथियम बॅटरीच्या घडीच्या खुर्च्या हलक्या असतात, पण त्यांत पाठीला आधार कमी मिळतो आणि विमानप्रवासात बॅटरीच्या क्षमतेचे नियम पाळावे लागतात. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा (एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी) तीव्र असेल तर साधी खुर्ची ढकलणारा दमतो आणि बॅटरीची खुर्ची मागे उलटण्याची भीती राहते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश आहे, आणि दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतील मोटारचलित साधनांच्या तरतुदीतही तिचा उल्लेख आहे. अर्जासाठी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) आधी काढून ठेवावे. या योजनेत मिळणारी मोटारची तिचाकी सायकल रस्त्यासाठी असते, घरातल्या खुर्चीचे काम ती करत नाही.

खुर्ची घेतली म्हणजे चालणे सोडले असे नव्हे. घरात भिंतीला धरून चालणारा माणूस लांबच्या अंतरापुरती खुर्ची वापरू शकतो. त्यामुळे पडणेही टळू शकते; पडून मांडीचे हाड मोडले तर अंथरुणावरच्या आठवड्यांनंतर गेलेले चालणे बहुधा परत येत नाही. हात डोक्यापर्यंत जात असतील, मदतीला माणूस असेल आणि इमारतीला जिनाच असेल, तर चांगल्या गादीसह साधी खुर्ची सध्या पुरे. हात उचलणे जड जात असेल आणि लिफ्ट असेल, तर साध्या खुर्चीवर आधी खर्च करू नये. दोन्ही बाबतींत ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामे आणि साधने यांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या तज्ज्ञाकडून) बैठकीचे माप घ्यावे, आणि दाराची मोकळी रुंदी मोजल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नये.