बिजागरी आधी, प्लाय नंतर: नागपुरात तीन ऋतू वापरलेल्या फर्निचरचा अनुभव

मनीषनगरातल्या आमच्या फ्लॅटचं फर्निचर गेल्या दिवाळीआधी पूर्ण झालं. स्वयंपाकघर, दोन बेडरूमची कपाटं, देवघर, सगळं मिस्त्रीच्या हातचं. प्लाय लकडगंजातून आणला, हार्डवेअर इतवारीतून. हिवाळा गेला, ४५ अंशांचा मे गेला, आता पाऊस लागलाय. तिन्ही ऋतूंत ही दारं रोज उघडली-मिटली, म्हणून आता ठामपणे लिहिते. लॅमिनेटचा रंग आणि हँडलचा आकार यावर आपण आठवडे घालवतो आणि बिजागरीचं काम ‘मिस्त्री बघून घेईल’ म्हणून सोडून देतो. दार कुठल्या बाजूला आणि किती उघडणार, हे प्लाय कापायच्या आधी कागदावर यायला हवं. कारण बिजागरी बदलली की शटरचं, म्हणजे कपाटाच्या दाराचं, मापच बदलतं.

आमचे मिस्त्री याबाबतीत काटेकोर. काम सुरू करतानाच म्हणाले, “ताई, क्रँक आत्ताच ठरवून घ्या. कापल्यावर मंग काही होत नाही.”

आमच्याकडे ऑटो बिजागरी आहे, म्हणजे दार मिटल्यावर बाहेरून न दिसणारी: गोल वाटी शटरमध्ये बसते, पाटी कपाटाच्या साइडला आणि मध्ये दोघांना जोडणारा हात. क्रँक म्हणजे त्या हाताला दिलेला बाक. कपाटाच्या टोकाची उभी साइड शटरनं पूर्ण झाकायची असेल तर झिरो क्रँक, म्हणजे हात सरळ. मधल्या एकाच पार्टिशनवर दोन्हीकडची शटरं येऊन टेकणार असतील तर आठ क्रँक, कारण १८ मिमीच्या त्या जाडीत दोघांना निम्मी-निम्मी जागा मिळते. शटर चौकटीच्या आत बसवायचं असेल तर सोळा. कंपनीप्रमाणे हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, हिशोब तोच राहतो. आमच्या तीन दारांच्या कपाटात कडेच्या दोन्ही शटरांना झिरो आणि मधल्याला आठ लागली. दुकानात नुसतं ‘ऑटो बिजागरी द्या’ म्हटलं की सहसा झिरोच हातात पडते. ती मधल्या पार्टिशनवर लावली तर एक शटर सगळं पार्टिशन झाकून टाकतं आणि शेजारचं बंदच होत नाही.

आता अंशांकडे येते. माझ्या मते सगळ्यात जास्त विचार इथेच करावा. नेहमीची बिजागरी १०५ ते ११० अंश उघडते. कपडे टांगायच्या खणाला तेवढं पुष्कळ झालं. पण शटरच्या मागे आत ड्रॉवर असेल तर अडचण होते, कारण ९०-११० अंशांत उघडलेल्या शटरची जाडी थोडीशी खणाच्या तोंडातच राहते आणि ड्रॉवर बाहेर येताना तिला घासतो. यावर दोन उपाय आहेत. एक तर ड्रॉवरच्या बाजूला पट्टी टाकून त्याला आत सरकवायचं, म्हणजे ड्रॉवरची रुंदी गेली. नाहीतर १६५ अंशांची बिजागरी घ्यायची, जी शटरला तोंडातून पूर्ण बाहेर काढते. स्वयंपाकघरातल्या उंच युनिटमध्ये धान्याचे डबे आतल्या ट्रेवर ठेवलेत. तिथे मी १६५ची घेतली आणि आजही वाटतं की सगळ्या घरात सर्वांत योग्य ठिकाणी गेलेले पैसे हेच. तांदळाचा मोठा डबा ट्रेसकट बाहेर येतो, शटर बाजूच्या कपाटाला लागून उभं राहतं, मध्ये काही येत नाही. हिचा हात जाड असतो, जागा जास्त खातो आणि किंमतही साध्या बिजागरीपेक्षा बरीच जास्त. म्हणून ती सरसकट लावू नये.

बेडरूममध्ये नेमकं उलट झालं. खिडकीत कूलर आहे आणि त्याचं तोंड खोलीत चांगलं वीतभर आलेलं आहे. नागपुरात मार्च ते जून कूलर हलत नाही, तेव्हा त्याच्या शेजारचं शटर त्यावर आपटणार हे उघड होतं. तिथे १०५ची बिजागरी घेऊन तिच्यात अँगल अडवणारी प्लॅस्टिकची क्लिप टाकली. आता शटर ८५ अंशांवर थांबतं. पण ८५ अंशांवर थांबलेल्या दारामागे ड्रॉवर चालणारच नाही. म्हणून तो खण नुसता टांगायचा केला आणि आतले ड्रॉवर पलीकडच्या खणात नेले. कूलरच्या जागेवरून कपाटाच्या आतली मांडणी ठरली ती अशी. क्लिप नखाएवढी आहे, पण ज्या कंपनीची बिजागरी त्याच कंपनीची लागते. दुकानात बिजागरीसोबतच मागून घ्यावी.

पलंग आणि कपाट यांच्यात जेमतेम अडीच फूट जागा. दोन फुटी शटर केलं असतं तर उघडताना माणसाला मागे सरकायला जागाच नव्हती. म्हणून शटरं दीड फुटाची ठेवली. सरकत्या दारांचाही विचार झाला होता, पण एका वेळी अर्धंच कपाट दिसतं आणि खालच्या पट्टीत धूळ साचते, म्हणून नको म्हटलं.

आता बिजागऱ्या किती लावायच्या ते. तीन फुटांपर्यंतच्या शटरला दोन, साधारण पाच फुटांपर्यंत तीन, साडेसहापर्यंत चार आणि त्यावर पाच. १८ मिमी प्लायचं सात फूट बाय दीड फुटाचं शटर दोन्हीकडच्या लॅमिनेटसकट १३-१४ किलोंच्या घरात जातं. त्यात आतून चार फूट बाय एक फुटाचा ४ मिमीचा आरसा लावला तर आणखी साधारण पावणेचार किलो. आधीच्या भाड्याच्या घरात अशाच उंच दाराला तीनच बिजागऱ्या होत्या. दार खाली उतरून फरशीवर घासायचं आणि वरच्या बिजागरीचे स्क्रू भुसभुशीत झालेल्या प्लायमधून निघून यायचे. वजनाचा ओढा सगळ्यात आधी वरच्या बिजागरीवर येतो, म्हणून नव्या घरात वरून दुसरी बिजागरी पहिलीच्या जवळ बसवली. इथे सात फुटी शटरांना पाच-पाच आहेत आणि अजून एकही दार उतरलेलं नाही. आतल्या फळ्यांच्या उंचीशी बिजागऱ्यांचा मेळ मात्र आधी घालावा लागतो, नाहीतर फळी नेमकी बिजागरीच्या पाटीवर येते.

शटरमधली वाटी ३५ मिमीची असते आणि तिचा खड्डा साधारण १२ मिमी खोल लागतो. १८ मिमीच्या प्लायमध्ये पलीकडे सहाच मिमी उरतात. ड्रिलचा बिट थोडा जास्त गेला तर समोरच्या लॅमिनेटवर गोल फोड दिसतो आणि तो जात नाही. मिस्त्रींनी बिटला टेप गुंडाळून खोलीची खूण केली होती. काठापासून वाटीपर्यंतचं अंतरही सगळीकडे एकच ठेवलं, कारण ते बदललं की शटर साइडला किती झाकतं तेही बदलतं. उंच शटरला ब्लॉकबोर्ड (आत लाकडी पट्ट्या असलेला बोर्ड) वापरणार असाल तर एक गोष्ट बघा. तो कमी वाकतो हे खरं, पण आतल्या पट्ट्यांच्या फटीत वाटी आली तर स्क्रूला पकड मिळत नाही.

सॉफ्ट क्लोज, म्हणजे दार न आपटता हळूच मिटवणाऱ्या बिजागरीबद्दल सगळे विचारतात. आवडली, पण सगळीकडे नको. वरच्या कपाटांच्या हलक्या शटरांना दोन्ही बिजागऱ्या सॉफ्ट क्लोज असल्या तर दार मिटता मिटत नाही. तिथे एक साधी, एक सॉफ्ट अशी जोडी बरोबर चालली. डिसेंबरच्या थंड सकाळी दारं जरा रेंगाळत मिटायची, मेमध्ये पटकन. आत वेग कमी करणारं तेलाचं छोटं यंत्र असतं, गारठ्यात ते तेल घट्ट होतं.

ओट्यावरच्या कपाटांना वर उचलायची शटरं आणि गॅस पंप लावावेत असा आग्रह होता. नमुन्याला एक लावून पाहिलं. उघडलेलं शटर सासूबाईंच्या हाताच्या वर जाऊन थांबायचं आणि मिटायला त्यांना दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागायची. ते एक सोडून बाकी सगळी बाजूला उघडणारी केली. पंप लावायचाच असेल तर त्यावरचा न्यूटनचा आकडा, म्हणजे पंपाचा जोर, शटरच्या वजनाशी जुळवून घ्या. कमी पडला तर शटर खाली येतं, जास्त झाला तर मिटायला जोर लागतो आणि स्क्रूवर ताण येतो.

सिंकखाली स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्या घेतल्या आणि बाथरूमची अॅसिडची बाटली तिथून हलवली. झाकण घट्ट लावलं तरी त्या वाफेनं साध्या बिजागरीचा मुलामा काळा पडतो.

देवघराची शटरं सागवानाची, चौकटीच्या आत बसणारी. मिस्त्रींनी पितळी बिजागरीही सुचवली होती, दिसायला ती फार सुंदर. पण सागवान मेच्या कोरड्या हवेत आकसतं आणि पावसात फुगतं, आणि पितळी बिजागरी एकदा ठोकली की हलत नाही. म्हणून सोळा क्रँकची ऑटो घेतली. मेमध्ये दोन दारांमधली फट रुंदावली होती, जुलैत दारं एकमेकांना घासायला लागली. बिजागरीच्या हातावर दोन स्क्रू असतात. पुढचा फिरवला की दार डावीकडे-उजवीकडे सरकतं, मागचा सैल केला की आत-बाहेर. वर-खाली करायला पाटीवरचे स्क्रू. पुढचा स्क्रू प्रत्येक बिजागरीत अर्धा वेढा फिरवला आणि घासणं थांबलं. हे मी स्वतः करते, मिस्त्री बोलवावा लागत नाही. पावसाळा संपला की तोच स्क्रू पुन्हा उलटा फिरवणार.

कंपनीबद्दल एवढंच सांगेन की हेटिच, ब्लम, हाफेले, एब्को यांपैकी जी इतवारीत पुन्हा सहज मिळेल ती घ्या आणि घरभर तीच ठेवा. पाट्या आणि क्लिप एका कंपनीच्या दुसरीला सहसा बसत नाहीत. क्लिप-ऑन प्रकार घेतला तर मागची कळ दाबून शटर पूर्ण निघतं. दिवाळीच्या सफाईला सगळी शटरं अशीच काढून धुणार आहे. प्रत्येक प्रकारच्या दोन-दोन बिजागऱ्या जास्तीच्या घेतल्या आहेत. पिशवीवर कुठल्या खोलीची, किती क्रँकची हे लिहून ती कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आहे.