जिल्हाबंदी की आडवी बाटली?

आमच्या भागात दारूचा विषय निघाला की पारावर दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, अख्खा जिल्हाच बंद करा. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपूरच्या बायांनी २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी मोर्चा नेला, २०१५ मध्ये बंदी आली, अन् २०२१ मध्ये सरकारनंच ती उठवली. कारण सांगितलं अवैध विक्रीचं. ते खोटं नाही. दुकान बंद झालं तरी माल येतो, महाग होऊन येतो आणि मोहाच्या भट्ट्या पेटतात. पण मजुरीचे पैसे घरी पोचतात का, हे ज्या बाईनं पाहिलं, तिला ‘माझ्या पैशाची पितो, तुमचं काय जाते?’ हा युक्तिवाद पटत नाही. मार तिलाच बसतो ना.

दुसरी वाट गावच्या मतदानाची. चिठ्ठीवर दोन बाटल्या, उभी आणि आडवी. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की परवानाधारक दुकान बंद. निर्णय गावाचा, म्हणून राखणही गावच करते. अडचण एवढीच की सोयाबीनच्या सवंगणीत किंवा कापूस वेचणीत मतदान आलं तर अर्ध्या बाया शेतात असतात. न आलेलं मत उभ्या बाटलीलाच मोजल्यासारखं होतं. शिवाय शेजारच्या गावचं दुकान तसंच चालू राहतं, दुचाकीला दहा मिनिटं पुरतात.

तरी माझा कल आडवीकडे. फक्त मतदान हंगाम पाहून ठेवा.