बी.कॉम. की बी.एम.एस./बी.बी.ए.? बारावीनंतर निवड करताना

बारावीचा निकाल लागला की कॉमर्सच्या विद्यार्थ्यांच्या घरी एकाच प्रश्नावर खल सुरू होतो: बी.कॉम. करायचं की बी.एम.एस.-बी.बी.ए. या मॅनेजमेंटच्या पदव्या? आणि बहुतेक घरांत मॅनेजमेंटची पदवी वरची, बी.कॉम. म्हणजे दुसरं काही मिळालं नाही म्हणून, असं धरूनच बोलणं चालतं. ही सुरुवातच मला पटत नाही. तीन वर्षांनंतर पुढे काय करायचं आहे आणि ही तीन वर्षं तुमचा वेळ कुठे जायला हवा, एवढं आधी ठरवा. सीए (चार्टर्ड अकाउंटंट) करायचं असेल तर बी.कॉम. घ्या. पदवीनंतर लगेच नोकरीला लागायचं असेल आणि महाविद्यालय खरोखर चांगलं असेल, तर बी.एम.एस. किंवा बी.बी.ए. घ्या. पुढे एमबीए करणं पक्कं असेल तर दोन्ही चालतात, मग पैसे वाचवा.

मुंबईकडे बी.एम.एस., पुण्याकडे बी.बी.ए.; नावं वेगळी असली तरी वळण सारखंच. प्रवेशात मात्र 2024-25 पासून मोठा फरक पडला. एआयसीटीईने, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, बी.बी.ए., बी.एम.एस., बी.सी.ए. या पदव्या आपल्या कक्षेत घेतल्या आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, सुरू झाली. इंग्रजी, तर्कशक्ती, सामान्य ज्ञान आणि संगणकाची प्राथमिक माहिती यांवर ती असते. बारावीच्या अकाउंट्सचा तिथे उपयोग नाही. नोंदणी साधारणपणे निकालाच्या बरीच आधी सुरू होते, त्यामुळे निकाल पाहून ठरवू म्हणणारे मागे पडतात. बी.कॉम.ला अशी परीक्षा नाही, बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. सीईटी आल्यावर काही महाविद्यालयांनी आपला अभ्यासक्रम बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) या नावाने चालवायला घेतला. त्याला सीईटी लागत नाही, आत शिकवलं जातं ते बरंचसं बी.एम.एस.सारखंच. सीईटी हुकलेल्यांनी हा पर्याय जरूर बघावा.

वर्गात काय फरक असतो, ते एका धड्यावरून दाखवतो. खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा, हा धडा घ्या. बी.कॉम.च्या मुलासमोर आकडे येतात: कच्चा माल किती महिने गोदामात पडून राहतो, ग्राहक उधारी किती दिवसांनी चुकती करतो, पुरवठादार किती दिवस थांबतो. त्यावरून धंद्याला किती रक्कम लागेल ते काढायचं, तक्ता पुरा करायचा, खाली वर्किंग नोट्स लिहायच्या. एक महिना इकडचा तिकडे झाला की शेवटची बेरीज चुकते, आणि असे गणितांवर गणितं सोडवून हात बसतो. बी.एम.एस.ला त्याच धड्याची दोन-चार गणितं होतात. मग पाच-सहा जणांच्या ग्रुपला एखादी कंपनी नेमून दिली जाते. तिचा वार्षिक अहवाल उघडायचा, उधारीची रक्कम का वाढली ते शोधायचं आणि वर्गासमोर उभं राहून मांडायचं. पहिल्याला आकडा काढता येतो, दुसऱ्याला आकड्यावर बोलता येतं. दोन्ही कौशल्यं खरी आहेत, पण एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

बोलका, धीट मुलगा असेल तर त्याला मॅनेजमेंटला घाला, असं सर्रास सांगितलं जातं. मला उलट वाटतं. धीट मुलाला ते आधीच येतं. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या मुलीला दर सत्रात तीन-चार प्रेझेंटेशन द्यावी लागली, तर तीन वर्षांत ती बदललेली दिसते. अट एवढीच की ग्रुपमधलं सगळं काम एकट्याने करून द्यायची किंवा नुसतं नाव लावून घ्यायची सवय लागू नये, आणि ती लागू न देणं शिक्षकांच्या हातात असतं.

भाषेचा मुद्दा घरात कुणी काढत नाही, पण तो काढायला हवा. राज्यातल्या अनेक विद्यापीठांत बी.कॉम.चे पेपर मराठीतून लिहिता येतात, बी.एम.एस., बी.बी.ए.चं माध्यम इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेल्याने मॅनेजमेंटला जाऊच नये असं मुळीच नाही. फक्त पहिल्या सत्रात विषय आणि भाषा दोन्ही एकदम अंगावर येतात, याची तयारी ठेवून जावं.

आता श्रेयांक, म्हणजे क्रेडिट. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाली आणि पदवी कोणतीही असो, सांगाडा साधारण एकच झाला. सत्राला 20 ते 22 श्रेयांक, तीन वर्षांचे मिळून 120 ते 132. थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात 15 तास. मुख्य विषय म्हणजे मेजर, त्याच्या जोडीला दुय्यम विषय म्हणजे मायनर, आणि शिवाय ओपन इलेक्टिव्ह. हे ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. म्हणजे कॉमर्सच्या मुलाला मानसशास्त्र किंवा पर्यावरण असं काहीतरी शिकावंच लागतं, आणि हे मला मनापासून चांगलं वाटतं. त्याशिवाय कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण.

कागदावर हे पर्याय भरपूर दिसतात. खरी गोम मायनरमध्ये आहे. विद्यापीठाच्या यादीत दहा मायनर असतात. महाविद्यालयात शिक्षक असतील आणि तुकडी भरेल तेवढेच चालतात. कित्येक ठिकाणी ‘निवड’ म्हणजे दोनातलं एक, आणि कधी तेही नाही. म्हणून प्रवेशाआधी ऑफिसात जाऊन एकच विचारा: गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाला प्रत्यक्षात कोणते मायनर चालले? माहितीपत्रक दाखवलं तर तोच प्रश्न पुन्हा विचारा. ऑन जॉब ट्रेनिंगचंही तसंच. महाविद्यालय जागा मिळवून देतं, की मुलांनी ओळखीच्या ऑफिसातून शिक्का मारून आणायचा? सेल्फ फायनान्स म्हणजे विनाअनुदानित अभ्यासक्रमाला जास्त फी भरताना तर हे विचारण्याचा तुम्हाला पुरा हक्क आहे.

सीएवाल्यांनी बी.कॉम.च घ्यावं असं मी एवढ्या ठामपणे म्हणतो, ते मुख्यतः वेळेमुळे. फाउंडेशन आणि इंटरमीजिएट या सीएच्या पहिल्या दोन पातळ्यांच्या परीक्षा आता वर्षातून तीनदा होतात, आणि सत्रपरीक्षा त्यांच्या आगेमागेच येतात. त्यात दर आठवड्याला असाइनमेंट, ग्रुप मीटिंग आणि प्रेझेंटेशन आलं की दोन्हीकडे ओढाताण होते. पुढे दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, असतेच. बी.कॉम.चे वर्ग बऱ्याच ठिकाणी सकाळी आटपतात, आणि अकाउंट्स, कर, ऑडिट हे विषय दोन्हीकडे कामी येतात. मुंबईत अकाउंटिंग अँड फायनान्सचा बी.कॉम. हा मधला मार्गही आहे. त्यात हिशेबाची खोली जास्त मिळते, पण असाइनमेंटसारख्या अंतर्गत कामाचा ताणही थोडा जास्तच. फाउंडेशन न देता पदवीनंतर थेट इंटरमीजिएटला जायचा रस्ताही खुला आहे. त्यासाठी कॉमर्स पदवीधराला 55 टक्के लागतात, इतरांना 60.

एमबीएसाठी सगळ्या पदव्या सारख्याच. आयआयएमची प्रवेश परीक्षा कॅट असो की राज्याची एमबीए सीईटी, कोणत्याही शाखेची पदवी आणि खुल्या प्रवर्गाला 50 टक्के गुण पुरतात. बी.एम.एस. केलेल्याला एमबीएचं पहिलं वर्ष ओळखीचं वाटतं, इतकाच फायदा. फीचा फरक मात्र ठसठशीत आहे. अनुदानित तुकडीतल्या बी.कॉम.पेक्षा सेल्फ फायनान्स मॅनेजमेंटची फी कित्येक पटींनी जास्त असते. ते पैसे एमबीएसाठी बाजूला ठेवले तर जास्त कामाला येतात. एमपीएससी, यूपीएससी, बँकेच्या परीक्षांना कोणती पदवी हा प्रश्नच नाही; तिथे ज्या पदवीत अभ्यासाला वेळ उरतो ती घ्यावी.

राहिला चौथ्या वर्षाचा प्रश्न. तीन वर्षांची पदवी पूर्ण पदवीच आहे. एमबीए आणि स्पर्धा परीक्षांना ती पुरते. चौथं वर्ष ऑनर्सचं. ते केलं की पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात होऊ शकतं. रिसर्चसह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. प्राध्यापक किंवा संशोधक व्हायची इच्छा असेल तर हे गांभीर्याने घ्या, नाहीतर तिसऱ्या वर्षानंतर थांबण्यात काही कमीपणा नाही. एक किंवा दोन वर्षांनी सर्टिफिकेट-डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोयही आहे. तिच्यासाठी आणखी 4 श्रेयांकांचं व्यावसायिक काम करावं लागतं, आणि परत यायचं तर तीन वर्षांच्या आत. घरची अडचण आली तर ही सोय लाखमोलाची आहे, पण प्रवेश घेतानाच तिचा हिशोब धरू नका: नोकरीच्या जाहिरातीत आजही ‘पदवीधर’ असंच लिहिलेलं असतं.