बांधकामाआधी जमिनीची पुरातत्त्वीय तपासणी: यंत्र की चाचणी चर?

मॅग्नेटोमीटरने (जमिनीच्या चुंबकीय क्षेत्रातले बारीक फरक मोजणारं यंत्र) दिवसाला काही हेक्टर जमीन न उकरता पाहून होते. जुन्या भट्ट्या, चुली, बुजलेले खंदक यांची चुंबकीय खूण त्यात छान उमटते. पण शेजारी लोखंडी कुंपण किंवा पाइपलाइन असली की नकाशा बिघडतो. खांबांचे छोटे खड्डे आणि साधी दफनं तर बहुधा निसटतातच. भिंती शोधायला भूवेधी रडार (जमिनीत रेडिओ तरंग सोडून त्यांचे पडसाद टिपणारं यंत्र) बरं; ओल्या चिकणमातीत मात्र त्याचे तरंग फार खोल जात नाहीत.

चाचणी चरांचं, म्हणजे नमुन्यादाखल अरुंद पट्टे खणून पाहण्याचं, काम धिमं, खर्चीक आणि थोडं विध्वंसकही. शिवाय साधारण २ ते ५ टक्के जागाच उघडली जाते, त्यामुळे दोन चरांमधलं काही सुटू शकतं. तरीही अवशेष कोणत्या काळातले आणि किती शाबूत, हे खापरं नि मातीचे थर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ठरत नाही.

घाईतल्या विकासकाला यंत्राचा कोरा, म्हणजे काहीच खूण न दिसणारा, नकाशा पुरेसा वाटतो (वाटणारच!). मी मात्र आधी यंत्र फिरवेन, मग त्या नकाशावरून चर आखेन, आणि काही चर मुद्दाम कोऱ्या दिसणाऱ्या जागीही घेईन.