फायनल फँटसी 12, स्विच लाइट आणि एक एल बटण

गेल्या महिन्यात माझ्या सेकंडहँड स्विच लाइटचं, म्हणजे निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या गेमयंत्राचं, एल बटण दाबलं की आतच बसायला लागलं. दुसरा कुठला गेम असता तर तसंच रेटलं असतं. पण सध्या आत 'फायनल फँटसी 12: द झोडिअ‍ॅक एज' आहे आणि त्यात एल म्हणजे वेग. दोनपट किंवा चौपट, सेटिंगमध्ये ठरवाल तसा.

संध्याकाळी सीएसएमटीहून मुलुंडला स्लो लोकल पकडतो. तिथूनच सुटणारी असली की बसायला मिळतं, आणि हातात पाऊण तासाच्या वर वेळ असतो. एवढ्या वेळात हा गेम पुढे सरकतो तो फक्त या बटणामुळे. मोठमोठी मैदानं चौपट वेगात पार होतात आणि मारामारी गॅम्बिट, म्हणजे सोबत्यांना आधीच देऊन ठेवलेले 'असं झालं की हे करा' छाप हुकूम, सांभाळतात. सोबत्याचं एचपी (उरलेला जीव) 50 टक्क्यांखाली गेलं की क्युअर (बरं करणारा मंत्र), पुढारी ज्याला मारतोय त्यालाच बाकीच्यांनी मारायचं, एवढं नीट लावून दिलं की झालं. नवा भाग लागला की ऑटोसेव्ह होतो. स्टेशन आलं की पॉवर बटण दाबायचं आणि उठायचं.

घेताना मला सेकंदाला 30 फ्रेम्स (चित्रं) खटकत होत्या. पीसीवर 60 मिळतात. आता त्याबद्दल काही तक्रार नाही. मूळ गेम 2006 चा, प्लेस्टेशन 2 वरचा. लाइटच्या 5.5 इंची पडद्यावर तो इतका रेखीव दिसतो की मोठ्या टीव्हीची आठवण होत नाही. फक्त चौपट वेगात अरुंद बोळात शिरू नका, माणूस भिंतीवर आपटत राहतो. तिथे दुप्पट पुरे.

बटणासाठी लॅमिंग्टन रोडवर एका दुकानाने अख्खी बॉडी बदलायला सांगितली. लाइट जुना घेतला त्याच्या जवळजवळ निम्म्या किमतीत! दोन दुकानं सोडून बसणाऱ्या कारागिराने उघडून आतली घाण काढली, बटण परत बसवलं आणि किरकोळ पैसे घेतले. आधी साफ करून बघा म्हणायला पहिल्याला काय हरकत होती? ज्यांना तिकडे जायला जमत नाही त्यांनी सिस्टिम सेटिंगमधून एलचं काम दुसऱ्या बटणाला द्यावं. 2020 च्या अपडेटपासून ही सोय आहे आणि फुकट आहे.

दुरुस्तीआधीचे काही दिवस मात्र साध्या वेगात खेळलो आणि गेममधलं राबानास्त्र शहर पहिल्यांदा नीट पाहिलं. बाजारातली गर्दी, संगीतकार हितोशी साकिमोतोंचं संगीत, कोपऱ्याकोपऱ्यात बोलणारी माणसं. तेव्हापासून शहरात शिरलो की वेग बंद. शिकारीला निघालो की पुन्हा चौपट.

घ्यायचाच असेल तर कार्ट्रिज घ्या. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही, आणि आपल्याकडे जुनं कार्ट्रिज घेणारा कोणी ना कोणी भेटतोच.