भिंतीवर चौकटीत लावायला जुना दस्त घ्यायचा तर चर्मपत्र की मोडी दस्त?
इंग्लंडमधील जुनी खरेदीखते बहुधा चर्मपत्रावर, म्हणजे कमावलेल्या मेंढीच्या कातड्यावर लिहीत, कारण त्यावरील खाडाखोड लपत नसे. १९२५ च्या मालमत्ता कायद्यांनंतर त्यांतील असंख्य दस्त निरुपयोगी ठरून विक्रीस आले. नागमोडी कड व लाखेची मोहोर यांमुळे ते भिंतीवर उठून दिसतात. मात्र पुण्याच्या पावसाळ्यात कातडे ओलावा शोषून सुरकुतते, म्हणून चौकटीची काच त्याला टेकता कामा नये.

हातकागदावरील मोडी दस्त दिसायला साधा, दमट हवेत कमी आक्रसणारा. त्याला जपायचे ते कसरीपासून, म्हणजे कागद खाणाऱ्या किडीपासून, आणि उन्हापासून. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या या शहरात तो वाचणारेही भेटतात, त्यामुळे माझा कल मोडीकडेच आहे. पंचाहत्तरी ओलांडलेले ऐतिहासिक हस्तलिखित १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, हे विकत घेतानाच ध्यानात असावे.